आजी लिहून घेणारी माणसं

मराठी वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता नेमानं वाचणाऱ्याला एक गोष्ट पाठ झालेली असते. पुरुष गेला की पहिल्याच ओळीत तो कोण होता ते येतं. निवृत्त मुख्याध्यापक, माजी सरपंच, किराणा मालाचे जुने व्यापारी. बाई गेली की ती 'धार्मिक, प्रेमळ व मनमिळाऊ' असते आणि पुढची सगळी जागा तिच्या पश्चात उरलेल्या परिवाराला जाते. दोन मुलगे, तीन मुली, सुना, जावई, नातवंडं, पतवंडं. अमुक बँकेतल्या साहेबांच्या त्या मातोश्री होत, तमुक नगरसेवकांच्या सासूबाई होत. ऐंशी-पंचाऐंशी वर्षांचं आयुष्य नातेवाइकांच्या मोजणीत आटोपतं. ती पहिल्यांदा आगगाडीत कधी बसली, सासऱ्यांना कधी उलट बोलली का, कोणत्या भाजीला नाक मुरडायची, लपवून ठेवलेल्या पैशांचं काय करायची, यातलं काहीच त्या चार ओळींत मावत नाही.

यात वर्तमानपत्राचा दोष काढण्यात अर्थ नाही. मजकूर घरातूनच लिहून जातो आणि घरातल्यांनाही तेवढंच आठवतं.

बाईची आठवण ठेवायची सोय आपल्याकडे अगदीच नव्हती असं नाही. श्राद्धात बाप, आजा, पणजा यांच्यासोबत आई, आजी, पणजी यांचीही नावं घेतली जातात. पितृपंधरवड्यातली नवमी तर अहेवपणी गेलेल्या बायकांसाठी राखून ठेवलेली, म्हणूनच ती अविधवा नवमी. पण तिथं लागतं ते फक्त नाव, आणि तेही सासरचं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलेलं नाव पुढं चालतं. माहेरी ज्या नावानं हाका मारल्या ते नातवाला ठाऊक असेलच असं नाही. तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यांमागून पिढ्या सापडतात. नावं मिळतात, माणूस मिळत नाही.

तरीही मराठीत काही आया आणि आज्या अशा आहेत, की त्या शंभर वर्षांनंतरही आपल्याशी बोलतात, भांडतात, हसवतात. त्या थोर होत्या म्हणून टिकल्या असं म्हणून मोकळं व्हायला नको. तितक्याच थोर असंख्य बायका मागमूस न ठेवता गेल्या. ज्या उरल्या त्यांच्या घरात कुणीतरी एक जण वही घेऊन बसला होता. कुठं तो मुलगा होता, कुठं सून, कुठं नातू.

यातलं सगळ्यात मोठं उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचं.

१८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरला गोखल्यांच्या घरी मनकर्णिका जन्मली. घरात वडिलांचं सोवळं इतकं कडक, की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय आत येत नसे. वयाच्या अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी लग्न झालं आणि मनूची लक्ष्मी झाली. नवरा कवी. फुलामुलांचा कवी म्हणून पुढं महाराष्ट्रानं त्यांना डोक्यावर घेतलं, पण संसाराच्या दृष्टीनं हे प्रकरण अवघड होतं. हातात पैसा टिकायचा नाही, एका गावी पाय ठरायचा नाही, डोक्यात काही आलं की न सांगता घरातून निघून जायचे. लक्ष्मीबाईंनी शाळा पाहिलेलीच नव्हती. शिकवणारे टिळकच, आणि शिकवणी चालायची ती त्यांच्या लहरीवर.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या काळच्या ब्राह्मण घरात ही बातमी मरणापेक्षा वाईट होती. पदरात लहानगा दत्तू. पुढची काही वर्षं लक्ष्मीबाईंनी नातेवाइकांच्या आधारानं, नवऱ्यापासून लांब काढली. मग त्या अहमदनगरला टिळकांकडे परतल्या, तेव्हाही आपलं सोवळं-ओवळं सांभाळतच. नवऱ्यानं बोलावलं म्हणून त्यांनी धर्म बदलला नाही. एका घरात राहून, आपली चूल वेगळी ठेवून, माणसामाणसांतल्या विटाळाचा त्यांनी आपल्या डोक्यानं विचार केला आणि तो पटेनासा झाल्यावर सोडला. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला.

नगरच्या त्यांच्या घराला दार होतं, पण ते बंद व्हायचं नाही. अनाथ पोरं, विद्यार्थी, कवी, कुणीही येऊन राहायचं. त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाचा खानदेशातला एक मुलगा असाच आला आणि घरचाच झाला. हेच बालकवी. १९१८ मध्ये भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली ते गेले, तेव्हा वय तिशीच्याही आत. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला हा ठोमरे 'निसर्गकवी' म्हणून भेटत नाही. जेवायला वाढणाऱ्या, रुसवा काढणाऱ्या बाईला दिसलेला पोरगा म्हणून भेटतो. बालकवींवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून दिसलेला बालकवी तेवढा इथंच सापडतो.

१९१९ मध्ये टिळक गेले. त्यांचं चरित्र व्हायला हवं, म्हणून मुलगा देवदत्त, म्हणजे तोच दत्तू, आईच्या मागे लागला, की तुला जे आठवतं ते लिही. आईचं वय साठीकडे झुकलेलं. शुद्धलेखनाची बोंब. पण ती लिहीत गेली. मुलानं मागितले होते वडील. कागदावर उतरली आई. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ मध्ये आला आणि पाठोपाठ पुढचे भाग. शेवटचा भाग हातावेगळा होण्याआधीच २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई वारल्या. राहिलेलं मुलानं पुरं केलं. टिळकांनी अर्धवट सोडलेल्या 'ख्रिस्तायन' या महाकाव्यात त्याआधी लक्ष्मीबाईंनी साठाहून अधिक अध्यायांची भर घातली होती. नवऱ्याचं अर्धवट काम बायकोनं ओढलं, बायकोचं मुलानं. या घराण्यात ही रीतच पडली म्हणायची.

'स्मृतिचित्रे'चं कौतुक करताना साधेपणाचा उल्लेख हमखास होतो. खरं तर त्या पुस्तकाचं बळ साधेपणापेक्षा खोडकरपणात आहे. लक्ष्मीबाई स्वतःची फजिती खुशीत सांगतात. नवऱ्यावर जीव असूनही त्याच्या तऱ्हेवाईकपणाची एकही संधी सोडत नाहीत. दोघंही तापट. भांडण झालं की ते तितक्याच ठसक्यात येतं आणि समेटही. उपासमारीचा प्रसंग सांगतानाही त्या रडवायचा प्रयत्न करत नाहीत. वाचणाऱ्याला आधी हसू येतं, आणि पान उलटल्यावर कळतं की त्या दिवशी घरात खायला काही नव्हतं.

इथं दुसऱ्या एका आईशी तिची तुलना केल्यावाचून राहवत नाही. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहून काढलं. पुस्तक आलं १९३५ मध्ये. म्हणजे मराठीतल्या या दोन सर्वांत प्रसिद्ध आया वर्षभराच्या अंतरानं वाचकांसमोर आल्या आणि दोघींचीही वाट नाशिकवरून गेली. गुरुजींची आई यशोदाबाई १९१७ मध्येच वारली होती. अखेरच्या घटकेला मुलगा जवळ नव्हता, आणि त्या पुस्तकातल्या प्रत्येक रात्रीवर त्याची सावली आहे. आई तिथं शिकवते, सोसते, क्षमा करते. घराघरांत ती पूजली गेली. आचार्य अत्र्यांनी तिच्यावर काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं, आणि चित्रपटगृहात आख्ख्या पिढीनं रुमाल भिजवले.

पण श्यामच्या आईला कंटाळा येत असेल का? शेजारणीची नक्कल करून ती हसत असेल का? मुलाच्या आठवणीत आई बहुतेक वेळा आपल्याकडे तोंड करून उभी असते. आपल्याला न्हाऊ घालणारी, आपल्यासाठी उपाशी राहणारी. आपण घरात नसताना ती कोण होती, हे मुलाला दिसत नाही. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात ती बाई दिसते. आपल्या आजीबद्दल काही लिहायला बसणाऱ्यानं दोन्ही पुस्तकं वाचावीत. मात्र नमुना निवडायची वेळ आली, तर लक्ष्मीबाईंचा निवडावा. माया सगळ्याच आज्या करतात. नेमकी हीच आजी कोणती, ते तिच्या तिरकस बोलण्यावरून कळतं.

टिळकांच्या घरातली गोष्ट दोन पिढ्यांवर थांबली नाही. लक्ष्मीबाईंचे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी 'स्मृतिचित्रे'ची साक्षेपी आवृत्ती सिद्ध केली. आजीनं सालं फारशी दिलेली नव्हती. सगळं आठवणीतून आलेलं, त्यामुळं प्रसंग मागेपुढे झालेले. मजकूर ताडून पाहायचा, माणसांची नावं-गावं लावायची, टिपा द्यायच्या, असं हे नातवाचं काम. आजीवरच्या प्रेमाचा हा प्रकार आपल्याकडे विरळा. गहिवरून भाषण करणारे नातू पुष्कळ असतात; आजीच्या आठवणींतल्या तारखा तपासणारा क्वचित. पुस्तक १९५० मध्ये इंग्रजीत गेलं, आणि २०१७ मध्ये शांता गोखल्यांनी ते पुन्हा नव्यानं इंग्रजीत नेलं. जलालपूरची मनू अशी जगभर फिरते आहे.

बालकवींच्या निमित्तानं खानदेश आलाच आहे, तर १९०७ साली जळगावला डोकावायला हवं. त्या वर्षी तिथं कवींचं संमेलन भरलं होतं. डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर अध्यक्ष. रेव्हरंड टिळक आलेले. धरणगावच्या कोवळ्या ठोमऱ्यानं तिथंच कविता म्हणून दाखवली आणि 'बालकवी' हे नाव मिळवलं. मराठी कवितेच्या इतिहासात या संमेलनाची नोंद आहे. नोंद नाही ती एवढ्याचीच, की त्याच जळगावात चौधरीवाड्यात सत्तावीस वर्षांची एक सून घरोट, म्हणजे जातं, ओढता ओढता गाणी रचत होती. तिला कुणी बोलावलं नाही. बोलावणार कसं? ती कवयित्री आहे हे शेजारघरालाही ठाऊक नव्हतं, आणि तिला स्वतःलाही आपण 'कविता' करतो असं कधी वाटलं नसावं. त्याच वर्षी तिच्या पोटी सोपान जन्मला.

बहिणाबाई चौधरी मूळच्या जळगावजवळच्या आसोद्याच्या महाजनांच्या. १८८० चा जन्म. तेराव्या वर्षी नथुजी चौधरींशी लग्न. तिशीच्या सुमाराला वैधव्य आलं, पदरात ओंकार, सोपान आणि काशी. वाटण्या, शेतीची कामं, तीन मुलं. अक्षरओळख नाही. गाणी लेवा गणबोलीतली, कामाच्या तालावर आलेली. पेरणी, कापणी, उफणणी, मोट, घरोट, आखजीचा सण, सुगरणीचा खोपा, माहेरची वाट. जळगावात छापखाना निघाला तर त्याच्यावरही त्यांनी गाणं केलं. ज्या बाईचं एकही अक्षर ती असेपर्यंत पुस्तकात आलं नाही, तिनं छपाईच्या यंत्राचं गाणं करावं, हा योग मोठा विलक्षण.

सोपान शाळेत जाऊ लागला. क्रमिक पुस्तकातली सावित्रीची गोष्ट त्यानं आईला वाचून दाखवली, आणि सकाळपर्यंत आईनं त्या गोष्टीचं गाणं करून ठेवलं होतं. मुलाला धक्का बसला तो तेव्हा. आई रोज गाते हे त्याला ठाऊक होतं. ती रचते हे त्या दिवशी कळलं. तिथपासून सोपान आणि त्याचा मावसभाऊ पितांबर यांनी हाताला लागेल त्या कागदावर तिची गाणी उतरवायला सुरुवात केली. त्याआधीची, आणि त्यानंतरचीही कुणी जवळ नसताना म्हटलेली, जात्यावरच्या पिठासारखी उडून गेली. आज वाचतो ती गाणी म्हणजे दोन पोरं ज्या वेळी तिथं हजर होती, त्या वेळची.

पुढं सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी झाले, त्यांचे काव्यसंग्रह निघाले. तरीही आईची वही बरीच वर्षं घरातच राहिली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. त्यानंतर भीतभीतच मुलानं ती गाणी आचार्य अत्र्यांना ऐकवली. अत्र्यांना ते सोनं बावनकशी वाटलं आणि ते दडवून ठेवल्याबद्दल त्यांनी सोपानदेवांची कानउघाडणीही केली. १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' निघालं. पुढच्याच वर्षी अत्र्यांचा 'श्यामची आई' पडद्यावर आला. एकाच माणसानं दोन वर्षांत दोन मुलांच्या आया महाराष्ट्राच्या केल्या, हा योगायोग फारसा कुणी बोलून दाखवत नाही. १९६१ च्या 'मानिनी' चित्रपटातून बहिणाबाईंची गाणी घरोघरी गेली. २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं. अक्षर न ओळखणाऱ्या बाईच्या नावाची पदवी आता दरवर्षी हजारो मुलं घेतात.

सोपानदेवांचा भिडस्तपणा मात्र समजण्यासारखा आहे. ज्याची आई खेडवळ बोलीत गाते, तो शिकलेला मुलगा साहित्यिकांच्या बैठकीत ते गाणं काढताना दहा वेळा विचार करतो. आजही नातवंडं आजीची बोली लिहिताना ती 'शुद्ध' करून लिहितात. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी आजी कागदावर येईपर्यंत सदाशिव पेठेत राहायला गेलेली असते. सोपानदेवांनी आईच्या तोंडची बोली जशीच्या तशी ठेवली, हे त्यांचे उपकार गाणी जपण्याइतकेच मोठे आहेत.

ज्यांच्या घरी सोपान नव्हता, अशा आयांचं काय झालं? त्यातल्या काहींचा आवाज एका वेगळ्याच वाटेनं राहिला. पुण्यात स्थायिक झालेले फ्रेंच अभ्यासक गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी १९८० च्या दशकापासून खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या. मुळशी, मावळपासून मराठवाड्यापर्यंत हजाराहून अधिक गावं, तीन हजारांहून अधिक गायिका, आणि जमलेल्या ओव्या एक लाखाच्या वर. बर्नार्ड बेल या संगीत-अभ्यासकानं त्यांचं ध्वनिमुद्रण आणि संगणकावरची मांडणी केली. प्वातवँ २००४ मध्ये गेले, हेमाताई २०१० मध्ये. २०१७ पासून हा सगळा ठेवा ग्रामीण भारताचं वार्तांकन करणाऱ्या 'पारी'नं लोकांसमोर आणायला सुरुवात केली. जिनं ओवी गायली तिचं नाव, गाव, कुणाची कोण, हे प्रत्येक ओवीपाशी ठेवलं गेलं. लोकसाहित्याच्या जुन्या संग्रहांत बहुधा असं नसे. गाणं 'लोकांचं' आणि गाणारी बेपत्ता.

ओव्या वाचताना दिसतं, की त्यातली आई मुलाला संस्कार देत बसलेली नाही. ती पहाटे, घर झोपलेलं असताना, जात्यापाशी मन मोकळं करते. माहेरच्या आईला हाक मारते, भावाची वाट पाहते, मुलाचं कोडकौतुक करते, लेकीच्या जन्मावर चिडते, नवऱ्याला टोमणा मारते. समोर दुसरी बाई खुंट्याला हात लावून बसलेली. पहिल्या ओळीला तिची साथ. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा बायकांच्या हातांचे घट्टे गेले आणि पाठीचं दुखणं कमी झालं, ते फार बरं झालं. त्याबरोबर रोजचा तो एक-दीड तासही गेला. गाणं कामाला बांधलेलं होतं. काम सुटलं तसं ते ओठांवर येईनासं झालं. म्हातारीला खुर्चीवर बसवून ओवी म्हणायला सांगितलं तर ती लाजते, अडखळते. जातं समोर मांडलं की एकामागून एक ओव्या निघतात. आठवण हातात असते, हे आजीच्या बाबतीत अगदी शब्दशः खरं.

मुलगा झाला, मावसभाऊ झाला, नातू झाला. सुनेचंही एक उदाहरण द्यायला हवं, कारण सासू-सुनेची जोडी आपण फक्त भांडणासाठी राखून ठेवली आहे.

बाया कर्वे, म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई. कोकणातल्या गोदूबाई जोशी. आठव्या वर्षी वैधव्य. १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंचं शारदासदन मुंबईत निघालं, तेव्हा तिथं दाखल झालेल्या पहिल्या विद्यार्थिनींत त्या होत्या. १८९३ मध्ये कर्व्यांशी पुनर्विवाह, आणि त्यापायी मुरूड गावाचा बहिष्कार. हिंगण्याच्या आश्रमापायी अण्णांनी, म्हणजे कर्व्यांनी, शिल्लक तर दिलीच, आयुर्विम्याची पॉलिसीसुद्धा देऊन टाकली. चरित्रकारांनी या त्यागाचं मोठं कौतुक केलं आहे, आणि ते योग्यच आहे. पण घरात शंकर, दिनकर, भास्कर ही तीन मुलं वाढवणाऱ्या बाईला या त्यागाची दुसरी बाजू दिसत होती. अण्णांच्या मोठेपणाचा खर्च कुणी भरला, हे बायांच्या 'माझे पुराण' या आत्मचरित्रात कळतं. ते पुस्तक १९४४ मध्ये निघालं, आणि त्याचं संपादन केलं सून कावेरी कर्वे यांनी. पुढं दिनकर कर्व्यांनी आपल्या आईच्या या आठवणींचा भाग इंग्रजीत नेला.

पुस्तकाच्या नावातच बायांचा स्वभाव आहे. 'आत्मचरित्र' थोरामोठ्यांनी लिहावं. आपण आपलं पुराण लावावं. चारचौघींत एखादी बाई बोलायला लागली की 'काय पुराण लावलंय' म्हणून गप्प बसवतात, तेच त्यांनी मुखपृष्ठावर घातलं.

या घरात लिहिण्याचं वारं राहिलं. दिनकररावांच्या पत्नी इरावती कर्वे. त्यांच्या मुली जाई निंबकर आणि गौरी देशपांडे, दोघी लेखिका. गौरीताईंची मुलगी ऊर्मिला देशपांडे हिनं तियागो पिंतो बार्बोसा या अभ्यासकाबरोबर २०२४ मध्ये इरावतीबाईंचं इंग्रजी चरित्र लिहिलं. १९७० मध्ये इरावतीबाई वारल्या तेव्हा ही नात लहान होती. तिच्याजवळ घरातल्या आठवणी होत्या. घराबाहेरची आजी तिला शोधून काढावी लागली. त्यातला मोठा भाग बर्लिनचा. १९२० च्या दशकाअखेरीस इरावतीबाई तिथं ऑयगन फिशर या वंशवादी शास्त्रज्ञाच्या हाताखाली कवट्यांची मापं घेत होत्या, आणि गुरूला हवा असलेला वंशश्रेष्ठत्वाचा निष्कर्ष आकड्यांतून निघत नाही, असं त्यांनी प्रबंधात लिहून दिलं. सहलीला नेणारी, गोष्टी सांगणारी, पुण्यात स्कूटर चालवणारी आजी आणि ही तरुण संशोधक एकच, हे नातीला कळलं ते कागद चाळून.

इरावतीबाईंचे कागद बर्लिनमध्ये होते. बहुतेक आज्यांचे कागद कुठंच नसतात, असा समज आहे. तो पूर्ण बरोबर नाही. जुन्या शाळेचा जन्मतारखेचा उतारा असतो. सातबाऱ्यावर कधी काळी नाव चढलेलं किंवा उतरलेलं असतं. दवाखान्याचे कागद, भिशीची वही, एकादशीच्या दिवशी टाचण केलेलं दुकानाचं सामान, मुलीच्या लग्नातल्या आहेराची यादी. आहेराच्या यादीवरून तर त्या वर्षी घराची ऐपत किती होती, कुणाशी बोलणं होतं आणि कुणाशी नव्हतं, सगळं कळतं. घरातल्या फोटोंच्या मागे नावं लिहिलेली नसतात. ती आजी असेपर्यंतच लिहून घ्यावीत, कारण तिच्या लग्नाच्या फोटोत कडेला उभी असलेली मुलगी कोण, हे नंतर सांगणारं दुसरं कुणी उरत नाही.

प्रश्न कसा विचारायचा हेही महत्त्वाचं. 'आजी, तुझ्या आयुष्याबद्दल सांग ना' म्हटलं की ती म्हणते, 'माझं मेलीचं काय सांगायचं.' हा नम्रपणा नसतो. तिला खरोखर प्रश्न कळलेला नसतो. तिच्या माहेरच्या घरात पाणी कुठून यायचं, पहिला पगार घरात आला त्या दिवशी काय आणलं, १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला गेली होती का, सुकडी खाल्ली का, रॉकेलच्या रांगेत कुणाशी भांडली, कोयनेच्या भूकंपाच्या पहाटे कुठं झोपली होती, असं विचारलं की ती थांबत नाही. दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर गेलेल्या आज्या महाराष्ट्रात अजून हजारोंनी आहेत. त्यांचा दुष्काळ सरकारी अहवालांतल्यापेक्षा वेगळा आहे, आणि आता त्यांची वयं ऐंशीच्या आसपास गेली आहेत.

मेथी निवडताना, लसूण सोलताना, शेवया वळताना फोन बाजूला ठेवून आवाज घेता येतो. शेजारी तिची बहीण किंवा जाऊ बसलेली असली तर फारच उत्तम, कारण मग एक सांगते आणि दुसरी खोडते. लोणच्याचं प्रमाण विचारलं तर उत्तर 'अंदाजानं' असंच येणार, तेव्हा वाटी हातात देऊन मोजून घ्यावं. तिच्या तोंडचे शब्द बदलू नयेत. एकाच प्रसंगाची हकिगत ती आज एक सांगेल आणि दिवाळीत दुसरी. दोन्ही ठेवाव्यात, तारीख घालून. आणि कुणाबद्दल काही तिखट बोलली तर नात्यातल्यांना वाईट वाटेल म्हणून लगेच पुसू नये. हवं तर ते पाकीट बंद करून वरती लिहावं, की अमुक आत्या असेपर्यंत उघडायचं नाही.